आबांच्या घरगाडीचे दिवे

आमच्या धंद्यात गिऱ्हाईक दुखणं सांगत नाही, थेट औषध सांगतं. "भटूभाऊ, बल्ब बदला." "भटूभाऊ, बॅटरी गेली, नवी टाका." मी "बरं" म्हणतो, त्याला बाकावर बसवतो, चहा सांगतो आणि मग हळूच विचारतो, "पण झालं काय होतं?" बरीचशी दुरुस्ती त्या चहातच होऊन जाते.

मी ऑटो इलेक्ट्रिशियन. म्हणजे गाडीतल्या विजेची कामं करणारा. गाव शिंदखेडा तालुक्यातलं, काम शिकलो धुळ्यात आणि दुकान थाटलं जळगावला, हायवेला लागून. आता गुडघे साथ देत नाहीत म्हणून दुकान पुतण्या सांभाळतो. मी मेहरूणच्या घरून सकाळी दुकानात जातो, पेपर वाचतो आणि कुणाचं अडलं तरच उठतो. धुळ्याचे माझे उस्ताद अहिराणीतून शिकवायचे. "भटू, पहिले मानूसले इचार, मंग तारले," असं ते म्हणत. तेव्हा मला वाटायचं, उस्तादांना गप्पांची हौस आहे, दुसरं काय!

पुढच्या दिव्यांचं काम वरवर सोपं दिसतं. एकच दिवा गेला तर दोष त्या बाजूला असतो. बल्ब, होल्डर, नाहीतर गंज. दोन्ही एकदम गेले तर दोघांच्या सामाईक वाटेवर शोधायचं. फ्यूज, रिले, स्विच. आणखी एक गोष्ट बाहेरच्या माणसाला माहीत नसते. गाडीत वीज जायला तार असते, पण परत यायला बहुतेक ठिकाणी गाडीचा लोखंडी सांगाडाच वापरतात. त्यामुळे एखादी तार सोलून सांगाड्याला टेकली, की वीज अर्ध्या वाटेवरूनच माघारी फिरते. दिव्यापर्यंत पोचतच नाही. एवढं डोक्यात बसलं की अर्धा धंदा समजला. उरलेला अर्धा म्हणजे उंदीर. कपाशीच्या हंगामात जिनिंग मिलच्या दारात रांगेत उभ्या राहणाऱ्या ट्रकांमध्ये ते सरकीच्या वासानं चढतात आणि वायरी कुरतडून ठेवतात. एका ट्रकच्या दिव्यामागून मी कापसाचं अख्खं घरटं काढलं होतं, पिल्लांसकट. ड्रायव्हर म्हणाला, "भाऊ, पिल्लं मोठी होऊ द्या, तोवर मी दिवसाच गाडी चालवतो." आणि त्यानं तसं खरंच केलं.

पण समोर दिसणारा दोष कसाही निघतो. माझ्या जिवाला घोर लावला तो माझ्यासमोर शहाण्यासारख्या वागणाऱ्या गाड्यांनी. गिऱ्हाईक शपथेवर सांगतं की दिवे जातात, आणि दुकानात आली की गाडी लख्ख उजेड पाडते. अशा वेळी एकतर गाडी खोटी, नाहीतर माणूस. सुपडू आबांच्या गाडीनं मला या पेचात असं पकडलं की आजही ती गोष्ट मनातून जात नाही.

सुपडू आबा रावेरकडचे केळी बागायतदार. सत्तरीच्या पुढचे, उंच, सडसडीत, डोक्यावर पांढरी टोपी. बायकोला सगळे सिंधूअक्का म्हणायचे. जन्मभर दोघं केळीच्या बागेत राबली. लावणी, पाण्याच्या पाळ्या, घड कापणी; एक बाग संपली की दुसरी उभी. कुठं जायचं म्हटलं की आबा म्हणायचे, "पुढच्या साली." मग एका साली अक्कांना लकवा झाला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. ऐकू सगळं यायचं, समजायचं सगळं, पण तोंडातून "हा, हा" यापलीकडे काही निघायचं नाही.

तेव्हा आबांनी एक जुनी मिनीबस घेतली आणि परगावच्या एका बॉडीवाल्याकडून तिचं घर करून घेतलं. मागे अक्कांचा पलंग, पलंगाला लागून मोठी खिडकी, छोटा ओटा, पाण्याची टाकी, पंखा, फ्रीज. शहरात त्याला मोटरहोम म्हणतात. आमच्या दुकानावर तिचं नाव घरगाडी पडलं. आबा स्वतः चालवायचे. दोघं तोरणमाळला जाऊन आली, नर्मदेच्या काठी राहून आली. आयुष्यभर बांधाबाहेर न पडलेली माणसं, आता आठ-आठ दिवस घरी येईनात.

ही गाडी माझ्याकडे पहिल्यांदा आणली ती आबांच्या मुलानं, किशोरनं. शांत, विचारी माणूस. चहा घेतला, पण आवाज जड होता.

"भटूकाका, बाबा म्हणतात चालता चालता पुढचे दिवे जातात. दोन्ही एकदम. थोड्या वेळानं आपोआप येतात. मी तीन-चारदा अंधारात चालवून पाहिली, एकदाही गेले नाहीत. दोन ठिकाणी दाखवली, कुणाला काही सापडलं नाही."

"मग?"

"मागच्या आठवड्यात पारोळ्याच्या अलीकडे पुढे कापसाची ट्रॉली होती. मागे दिवा नाही, काही नाही. बाबा म्हणतात, नेमके तेव्हाच दिवे गेले. गाडी रस्त्याखाली उतरली, काटेरी झुडपात जाऊन थांबली. थोडक्यात वाचली दोघं." त्यानं कप खाली ठेवला. "काका, मला वाटतं दिवे जात नाहीत. बाबांना दिसत नाही. ते कबूल करत नाहीत. तुम्हाला काही सापडलं नाही तर तसं स्पष्ट सांगा. तुमचं ते ऐकतील. गाडी मी विकून टाकतो."

त्याचं काही चुकत नव्हतं. माझे वडील असते तर मीही हेच म्हणालो असतो.

मी गाडी ठेवून घेतली. होल्डर काढले, पुसले, बसवले. रिले बदलून पाहिला. स्टिअरिंगखालचा स्विच उघडला. वायरींचा गठ्ठा हातानं हलवला, वाकवला. पाईपनं पाणी मारून पाहिलं. दिवे लावून गाडी तासभर उभी ठेवली, खडीच्या रस्त्यावर आदळत नेली. दिवे आपले देवघरातल्या समईसारखे शांत. बॉडीवाल्यानं एक गोष्ट वेगळी केली होती, तेवढी लक्षात आली. दिव्यांच्या वाटेवर साधा फ्यूज न लावता त्यानं ब्रेकर बसवला होता. फ्यूज जादा वीज वाहिली की जळतो आणि संपतो. हा ब्रेकर तापला की वाट तोडतो आणि थंड झाला की आपणहून पुन्हा जोडतो. म्हणजे दिवे जाऊन आपोआप येणं शक्य होतं. पण ब्रेकर तापायला कुठं तरी जादा वीज ओढली जायला हवी, आणि ती ओढणारं काहीच सापडत नव्हतं.

किशोरला फोन करावा की नाही या विचारात होतो, तेवढ्यात आबाच दुकानात आले. एसटीनं, एकटेच. बाकावर बसले, टोपी काढून मांडीवर ठेवली.

"भटूभाऊ, सापडलं का काही?"

"नाही आबा. अजून तरी नाही."

त्यांनी मान हलवली. "पोरगं म्हनते, बाबा, तुम्हाले दिसत नाही. म्हनून डोळ्याच्या डॉक्टरकडे जाऊन आलो. तो म्हने, आबा, तुमची नजर चांगली हाये." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "मी खोटं नाही बोलू राह्यलो भाऊ. म्हातारा झालो, मान्य. पण दिवे जातात."

मी चहा सांगितला. मग उस्तादांची पद्धत. "आबा, दिवे जातात तेव्हा गाडीत काय काय चालू असतं?"

"काही नाही. पंखा असतो कधी."

"गाडीत कोण असतं?"

"मी आन् ती."

"किशोर चालवतो तेव्हा?"

"तो एकटा. त्याच्या माईले कशाले घेऊन फिरीन तो?"

मी गाडी चालवली तेव्हाही मागचा पलंग रिकामाच होता. दोष शोधताना आम्ही गाडी तशीच चालवतो, पण गाडीतली माणसं तशी बसवत नाही. मी म्हणालो, "आबा, अक्कांना घेऊन या. जशी नेहमी जाता तशीच जाऊ."

दोन दिवसांनी किशोर आबांना आणि अक्कांना घेऊन आला. गोऱ्या, बारीक चणीच्या बाई, कपाळावर मोठं कुंकू. डाव्या हातानंच त्यांनी मला नमस्कार केला. त्यांना पलंगावर नीट टेकवून आम्ही दिवस मावळता मावळता पारोळ्याच्या रस्त्याला लागलो. आबा चालवत होते, मी शेजारी. वाट दाखवायला किशोर त्याच्या गाडीतून पुढे चालला होता, म्हणजे दिवे गेलेच तर त्याच्या मागच्या दिव्यांमागून जाता येईल. मधल्या पडद्यापलीकडे अक्का. आबा निघताना मला हळूच म्हणाले, "तिच्यासमोर दिव्याचं बोलू नका. मी तिले कधी सांगितलं नाही. भिईन उगाच."

"मग ट्रॉलीच्या वेळी?"

"म्हनलो, रस्त्यात कुत्रं आडवं आलं."

एरंडोल मागे पडलं. उजेड पार गेला होता, पण अजून आभाळात थोडी लाली होती. मी ब्रेकरला तपासणीचा दिवा जोडून बसलो होतो. आणि माझ्या डोळ्यांदेखत पुढचे दोन्ही दिवे गेले. रस्ता एकदम काळा. आबांनी घाबरंघुबरं न होता गाडी हळू केली, किशोरचा लाल दिवा धरून एका ढाब्यासमोरच्या मोकळ्या जागेत घेतली.

त्यांनी माझ्याकडे बघितलं.  

माझा तपासणीचा दिवाही विझला होता. ब्रेकरनं वाट तोडली होती. म्हणजे वीज कुणी तरी ओढली होती. थोड्या वेळानं 'टक्' असा बारीक आवाज झाला आणि पुढचे दिवे पुन्हा लागले. तोवर किशोर गाडी वळवून परत आला. त्यानं सगळं पाहिलं होतं. वडिलांकडे न बघता तो म्हणाला, "काका, हे खरंच गेले."

आबा एव्हाना मागे गेले होते. पडदा बाजूला करून मी पाहिलं, तर त्यांनी थर्मासमधून चहा ओतला होता आणि अक्कांच्या डाव्या हातात कप देत होते. "घे. जरा थांबू आता," एवढंच म्हणत होते. आणि अक्का हसत होत्या. समाधानानं, अगदी मनापासून. दिवे गेल्याचा त्यांना पत्ताच नव्हता. मग त्या हसत कशाला होत्या?

तेव्हा माझं लक्ष पलंगाच्या कडेला गेलं. तिथं एक पांढरं बटण होतं.

"आबा, हे काय?"

"घंटी. पुढे वाजते, माह्या डोक्यावर. तिले बोलता येत नाही ना, म्हनून बसवली. पानी-बिनी लागलं तर."

मी अक्कांजवळ उकिडवा बसलो. "अक्का, आता तुम्ही हे बटण दाबलं होतं?"

त्यांनी मान हलवली. "हा."

"गाडी थांबवायला?"

"हा, हा."

"नेहमी दाबता?"

त्यांनी जोरात मान हलवली आणि कप खाली ठेवून आबांकडे बोट दाखवलं. त्या हातवाऱ्याचा अर्थ कुणालाही कळला असता. मी दाबते, आणि हे थांबतात. दर वेळी थांबतात. त्यात एक अभिमान होता, नवऱ्याचं कौतुक चारचौघांत करावं तसा.

आणि आबांच्या तोंडून निसटलं, "पन मले तर घंटी कधी ऐकूच आली नाही वं!"

बोलून गेले आणि त्यांनाच कळलं काय बोललो ते. अक्कांचं हसू तसंच राहिलं, मग हळूहळू उतरलं. त्यांनी बटणाकडे पाहिलं, आबांकडे पाहिलं, माझ्या हातातल्या तपासणीच्या दिव्याकडे पाहिलं. बाई हुशार होत्या. हाक मारली आणि माणूस थांबला, असं इतके महिने आपण समजत आलो ते तसं नव्हतं, हे त्यांना कुणी सांगायची गरज पडली नाही. मग ट्रॉलीची संध्याकाळही त्यांना आठवली असावी; तेव्हाही त्यांनी बटण दाबलं असणार. त्यांनी डावा हात बटणापासून लांब, पदराखाली घेतला.

किशोर दारात उभा होता. तो खाली उतरून गेला.

दुरुस्तीचं काम दुसऱ्या दिवशी झालं आणि ते फार नव्हतं. बॉडीवाल्यानं घंटीची वीज दिव्यांच्याच ब्रेकरवरून घेतली होती. बटण ते घंटी अशी तार ओट्यामागच्या प्लायवूडमधून पुढे गेली होती. त्या प्लायवूडवर औषधाच्या बाटल्या ठेवायला एक छोटी फळी होती. तिचा एक स्क्रू तार भेदून मागच्या लोखंडी पट्टीत घुसला होता. बटण दाबलं की वीज घंटीकडे निघायची आणि वाटेतल्या स्क्रूवरून सांगाड्यात उतरायची. घंटी मुकी राहायची, ब्रेकर तापायचा, दिवे जायचे. दिवसा आबा मधेमधे आपणहूनच थांबत, त्यामुळे बटण दाबायची वेळच येत नसे. अंधारात दिवे गेलेले कळायचे, पण घंटीचा संबंध कुणाला कसा सुचावा?

स्क्रू काढून मी आबांच्या तळहातावर ठेवला. त्यांनी तो उलटसुलट करून पाहिला. "फळी मीच ठोकली," म्हणाले. "बाटल्या पडायच्या म्हनून."

मी दिव्यांची वाट वेगळी केली. घंटीला मागच्या, पंखा-फ्रीजच्या बॅटरीवरून स्वतःची तार आणि स्वतःचा फ्यूज दिला. घंटीही नवी बसवली, चांगली खणखणीत. किशोरला फोन करून सांगितलं, "दोष सापडला, गेला. बाबांची नजर चांगली आहे." त्यानं फक्त "बरं झालं काका" म्हटलं. दुपारी तो स्वतः अक्कांना घेऊन आला, वडिलांशेजारी बाकावर बसला.  जाताना त्यानं किल्ली आबांच्या हातात दिली आणि म्हणाला, "अंधार पडायच्या आत थांबायचं. एवढं माझं ऐका."

माझं काम इथं संपलं होतं. पण मला चैन पडेना. दोष काढताना मी एका बाईचा भरवसा काढून घेतला होता, असं सारखं वाटत होतं. तार जोडता येते. हे कसं जोडायचं, ते कुणी शिकवलं नव्हतं.

शेवटची चाचणी म्हणून मी म्हटलं, पुन्हा एक फेरी मारू. या खेपेला मी मागे, अक्कांजवळ बसलो. ऊन कलायला लागलं होतं. खिडकीतून कपाशी दिसत होती, मधेच केळी. बटण त्यांच्या हाताजवळ होतं, पण त्या तिकडे बघतही नव्हत्या.

"अक्का, दाबून बघा ना. आता दिवे जाणार नाहीत."

त्यांनी मान हलवली. नाही.

 बरंच अंतर गेलो. आबा पुढे ताठ बसून चालवत होते. पडदा उघडा होता. मागून त्यांची मान दिसत होती आणि खांदे. एक खांदा जरासा पडलेला. अक्का खिडकी सोडून तिकडेच बघत होत्या. कितीतरी वेळ. मग त्यांचा डावा हात पदराबाहेर आला. बोट बटणावर नुसतं टेकलं. माझ्याकडे पाहिलं. आणि त्यांनी ते दाबलं.

घंटी अशी कडाडली की मीच दचकलो. आबांनी मान वळवली नाही. आधी आरशात पाहिलं, बाजूचा दिवा लावला, गाडी हळूहळू रस्त्याच्या कडेला घेतली, उभी केली, आणि मग उठून मागे आले.

"काय वं? काय पाहिजे?"

अक्कांनी त्यांच्याकडे बोट दाखवलं. मग तळहात गालाखाली घेऊन मान कलती केली.

आबांना कळेना. "झोप आली तुले?"

"ह्हं!" अक्कांनी रागानं मान हलवली. पुन्हा बोट आबांकडे. पुन्हा गालाखाली हात.

मला उमगलं, पण मी गप्प बसलो. त्यांचं त्यांनाच समजू दे.

"मले?" आबा म्हणाले. "मी झोपू? मी थकलो म्हनते तू?"

"हा!"

"इतके दिवस... पानी नाही, काही नाही... याच्यासाठी दाबत होती?"

"हा. हा."

आबा पलंगाच्या कडेला बसले.  टोपी काढली. मग खरोखरच बायकोच्या पायाशी, होती तेवढ्या जागेत, आडवे झाले. मी खाली उतरलो आणि एका बाभळीखाली उभा राहिलो. बराच वेळ कुणी हाक मारली नाही.

हल्लीच्या गाड्यांत दिवे बंद डब्यात येतात. बिघडलं की अख्खा डबा बदलायचा. पुतण्याकडे एक यंत्र आहे, ते गाडीला जोडलं की दोष पडद्यावर लिहून येतो. चांगलं आहे, त्याचे कष्ट वाचतात. आबांची गाडी त्याला जोडली असती तर काय लिहून आलं असतं, हे मात्र मी त्याला एकदा विचारलं. तो हसला.

आबांचा गेल्या महिन्यात फोन आला होता. दोघं सातपुड्याच्या पायथ्याशी कुठं तरी आंब्याखाली मुक्कामाला होती. आवाज तक्रारीचा.

"भटूभाऊ, तुम्ही ती घंटी फार पक्की बसवली. ही बाई मले दोन गावं सरळ जाऊ देत नाही. चाललो की थांब, चाललो की थांब. आपून कोठी पोचूच नाही राह्यलो!"

"मग काढून टाकू का?" मी विचारलं.

ते काही म्हणणार, तेवढ्यात फोनमधून मागे ती खणखणीत घंटी ऐकू आली.

"थांबा," आबा घाईनं म्हणाले, "बोलावू राह्यली." आणि फोन चालूच ठेवून ते निघून गेले.